अयोग्य माल नाकारण्याचा खरेदीदाराचा हक्क

विक्रीच्या करारानुसार हाती आलेला माल ठरल्याप्रमाणे नसेल, तर खरेदीदाराला दोन मार्ग मोकळे असू शकतात. माल ठेवून घ्यावा आणि उणिवेपुरती नुकसानभरपाई मागावी, हा पहिला मार्ग. माल मुळातच नाकारावा, किंमत द्यावयाची राहिली असेल तर ती देऊ नये आणि दिली असेल तर ती परत मागावी, हा दुसरा. वरवर पाहता दोहोंतील फरक केवळ सोयीचा वाटतो. वस्तुतः तो फार खोल आहे. पहिल्या मार्गाने करार टिकून राहतो आणि वस्तूची मालकी, तिची नासधूस व तिच्या भावातील चढउतार ही सारी खरेदीदाराकडेच राहतात. दुसऱ्या मार्गाने हा सगळा बोजा विक्रेत्याच्या माथी परत जातो. शंभर रुपयांचा माल दोषामुळे दशांशाने कमी किमतीचा ठरला आणि त्याच सुमारास बाजारभाव निम्म्यावर आला असे समजावे. निर्दोष मालाची किंमत आता पन्नास व सदोष मालाची पंचेचाळीस. म्हणून भरपाई मागणाऱ्याला पाच रुपये मिळतील. माल नाकारणाऱ्याला मात्र शंभरच्या शंभर रुपये परत मिळतील. अस्वीकृतीच्या हक्काभोवती गेली दीडदोनशे वर्षे चाललेल्या वादाचे मर्म ह्या लहानशा हिशेबात आहे.

भारतात ह्या हक्काचा पाया मालविक्री अधिनियम, १९३० हा होय. तो हक्क केव्हा उत्पन्न होतो, केव्हा लोप पावतो आणि लोप पावल्यानंतर खरेदीदाराच्या हाती काय उरते, हे तीन प्रश्न क्रमाने पाहिले असता ह्या विषयाची रचना स्पष्ट होते.

१. पूर्वपीठिका

खरेदी केलेली वस्तू परत करण्याचा प्रश्न भारतीय विचाराला नवा नाही. मनुस्मृतीत सांगितलेल्या अठरा व्यवहारपदांमध्ये ‘क्रयविक्रयानुशय’ हे एक पद आहे. अनुशय म्हणजे व्यवहार झाल्यानंतर वाटणारा पश्चात्ताप. मनूने त्यासाठी दहा दिवसांची मुदत सांगितली आहे. नारदाने अधिक बारकाईने विचार केला. घेतलेली वस्तू चुकीने घेतली असे खरेदीदारास वाटल्यास ती त्याच दिवशी जशीच्या तशी परत करता येते. दुसऱ्या दिवशी परत केल्यास किमतीच्या तिसाव्या हिश्शाची तूट सोसावी लागते, तिसऱ्या दिवशी त्याच्या दुप्पट. त्यानंतर वस्तू खरेदीदाराचीच. याज्ञवल्क्याने परीक्षेच्या मुदती वस्तूच्या प्रकारानुसार वाटून दिल्या आहेत: बियाण्याला दहा दिवस, लोखंडाला एक दिवस, ओझ्याच्या जनावराला पाच, रत्नांना सात आणि दुभत्या जनावराला तीन दिवस. ह्या यादीत दासदासींचाही समावेश आहे, हे त्या काळच्या समाजरचनेचे दर्शक आहे.

ह्या मुदतींमागील तर्क ध्यानात घेण्यासारखा आहे. लोखंडाचा कस घाव घालताच कळतो. गाय किती दूध देते हे दोनतीन दिवसांच्या धारा काढल्यावर कळते. बियाणे उगवते की नाही हे कळावयास आठदहा दिवस जावे लागतात. म्हणजे दोष प्रकट होण्यास जेवढा काळ स्वभावतः लागतो, तेवढाच काळ परत करण्याची मुभा. त्याच्या जोडीला नारदाने दुसरेही सूत्र सांगितले आहे: खरेदीदाराने गुणदोष आधी स्वतः पाहावेत, आणि पाहून पसंत केलेली वस्तू त्याने परत करू नये. वस्तूच्या स्वभावानुसार काळ आणि तपासणी केलेल्यास कमी संरक्षण, ही दोन्ही सूत्रे आधुनिक कायद्यातही वेगळ्या भाषेत आढळतात.

रोममध्ये बाजारावर देखरेख करणाऱ्या अधिकाऱ्यांच्या आज्ञापत्राने गुलाम व जनावरे ह्यांच्या विक्रीत असाच उपाय दिला होता. दडलेला दोष निघाल्यास सहा महिन्यांच्या आत विक्री रद्द करून घेता येई, किंवा एका वर्षाच्या आत किंमत कमी करून मागता येई. इंग्लंडच्या सामान्य कायद्याने मात्र प्रारंभी उलट भूमिका घेतली. ‘खरेदीदाराने सावध असावे’ हे तेथील सूत्र होते. १६०३ सालच्या चँडेलर विरुद्ध लोपस ह्या खटल्यात एका सोनाराने बेझोअर नावाचा औषधी खडा म्हणून एक खडा विकला आणि तो तसा निघाला नाही. तथापि ‘हा बेझोअर आहे’ असे नुसते म्हणणे म्हणजे हमी देणे नव्हे, असा निर्णय झाला. समोर मांडलेली वस्तू हाताळून घेण्याच्या पेठेत हे सूत्र चालण्याजोगे होते. व्यापार दूरचा झाला, माल न पाहता वर्णनावरून घेतला जाऊ लागला, तेव्हा ते टिकेना. १८१५ च्या गार्डिनर विरुद्ध ग्रे ह्या रेशमाच्या खटल्यात लॉर्ड एलेनबरो ह्यांनी असे मत दिले की, पाहण्याची संधी नसता वर्णनावरून घेतलेला माल त्या नावाने बाजारात खपण्याजोगा असलाच पाहिजे. उकिरड्यावर टाकण्यासाठी कोणी माल विकत घेत नाही. १८६८ च्या जोन्स विरुद्ध जस्ट ह्या मनिला तागाच्या खटल्यात हेच तत्त्व स्थिर झाले. ह्या निर्णयांचे सार सर मॅकेन्झी चामर्स ह्यांनी १८९३ च्या इंग्रजी अधिनियमात ग्रथित केले.

भारतात मालविक्रीचे नियम प्रथम १८७२ च्या करार अधिनियमाच्या सातव्या प्रकरणात होते. ते प्रकरण रद्द करून १९३० चा स्वतंत्र अधिनियम झाला व तो १ जुलै १९३० पासून अमलात आला. त्याची बहुतेक कलमे इंग्रजी अधिनियमाच्या धर्तीवर रचलेली असल्याने इंग्रजी निर्णयांचा आधार भारतीय न्यायालये आजही घेतात. मात्र पुढे दोन्ही देशांच्या वाटा काही ठिकाणी वेगळ्या झाल्या, हे विसरता कामा नये.

२. हक्काची उत्पत्ती: शर्त आणि हमी

अधिनियमाच्या कलम १२ मध्ये करारातील कलमबंदीचे दोन वर्ग केले आहेत. कराराच्या मुख्य हेतूला जे आवश्यक ते कलम म्हणजे ‘शर्त’. मुख्य हेतूला जोडून येणारे आनुषंगिक कलम म्हणजे ‘हमी’. शर्तीचा भंग झाल्यास खरेदीदाराला करार मोडला असे मानता येते, आणि माल नाकारता येतो. हमीचा भंग झाल्यास केवळ नुकसानभरपाई मिळते. माल नाकारता येत नाही. एखादे कलम कोणत्या वर्गात पडते हे कराराच्या अर्थावरून ठरवावयाचे असते. करारात ‘हमी’ हा शब्द वापरलेला असला तरी ती शर्त असू शकते, असे त्याच कलमात म्हटले आहे. व्यवहारात ‘गॅरंटी’ व ‘वॉरंटी’ हे शब्द सैलपणे वापरले जातात. कायद्यातील ‘हमी’ त्यांहून वेगळी आहे, हे विद्यार्थ्यांनी प्रथमच लक्षात ठेवणे इष्ट आहे.

पुष्कळशा शर्ती पक्षकारांनी शब्दांत मांडलेल्या नसतात. कायदा त्या करारात गृहीत धरतो. अशा गर्भित शर्तींपैकी चार येथे महत्त्वाच्या आहेत. वर्णनावरून विकलेला माल वर्णनाशी जुळला पाहिजे, ही पहिली (कलम १५). खरेदीदाराने आपले विशिष्ट प्रयोजन विक्रेत्याला कळविले असेल आणि त्याच्या कौशल्यावर वा निर्णयावर तो विसंबला असेल, तर माल त्या प्रयोजनास वाजवी रीतीने योग्य असला पाहिजे, ही दुसरी (कलम १६, पोटकलम १). त्या प्रकारच्या मालाचा व्यापार करणाऱ्याकडून वर्णनावरून घेतलेला माल बाजारात विकण्याजोग्या दर्जाचा असला पाहिजे, ही तिसरी (कलम १६, पोटकलम २). नमुन्यावरून विकलेला सर्व माल नमुन्याबरहुकूम असला पाहिजे, नमुन्याशी ताडून पाहण्याची संधी खरेदीदाराला मिळाली पाहिजे आणि वाजवी तपासणीत न दिसणारा, पण माल विकण्याजोगा न ठेवणारा दोष त्यात नसावा, ही चौथी (कलम १७).

प्रयोजन ‘कळविणे’ म्हणजे ते स्पष्ट शब्दांत सांगितलेच पाहिजे असे नाही. १९०३ च्या प्रीस्ट विरुद्ध लास्ट ह्या खटल्यात औषधविक्रेत्याकडून घेतलेली गरम पाण्याची पिशवी फुटली. अशा पिशवीचा उपयोग एकच असतो. तेव्हा ती मागणे म्हणजेच प्रयोजन सांगणे होय, असे ठरले. १९३५ मध्ये प्रिव्ही कौन्सिलने निकालात काढलेल्या ग्रँट विरुद्ध ऑस्ट्रेलियन निटिंग मिल्स ह्या प्रसिद्ध खटल्यात लोकरी अंतर्वस्त्रात राहून गेलेल्या रसायनामुळे ग्राहकाला त्वचारोग जडला. अंगात घालण्यासाठी घेतलेला कपडा अंगात घालण्यास अयोग्य असेल, तर तो विकण्याजोगाही नाही आणि प्रयोजनास योग्यही नाही, असा निर्णय झाला.

छापाचे वा पेटंटचे नाव सांगून घेतलेल्या मालाच्या बाबतीत विशिष्ट प्रयोजनाची शर्त लागू होत नाही, असा अपवाद भारतीय कलमात आहे. परंतु नाव उच्चारले एवढ्यानेच अपवाद लागू होतो असे नव्हे. १९२५ च्या बॉल्ड्री विरुद्ध मार्शल ह्या खटल्यात खरेदीदाराने प्रवासाला सुखकर अशी मोटार मागितली व विक्रेत्याने बुगाटी गाडी सुचविली. ती त्या कामाची निघाली नाही. नाव बुगाटीचे असले तरी खरेदीदार विसंबला होता तो विक्रेत्याच्या शब्दावर. म्हणून त्याला गाडी नाकारून किंमत परत घेता आली.

दुसरा अपवाद तपासणीचा. खरेदीदाराने माल तपासला असेल, तर त्या तपासणीत जे दोष दिसावयास हवे होते त्यांच्याबाबत विक्रीयोग्यतेची शर्त राहत नाही. १९१९ च्या थॉर्नेट आणि फेअर विरुद्ध बिअर्स ह्या खटल्यात सरसाची पिंपे पाहावयास गेलेल्या खरेदीदारांनी घाईमुळे पिंपे बाहेरूनच पाहिली. आत पाहिले असते तर दोष दिसला असता, म्हणून त्यांना तक्रार करता आली नाही. नारदाच्या सूत्राशी ह्या निर्णयाचे नाते उघड आहे.

३. काटेकोरपणाची मर्यादा

शर्तीचा भंग किती मोठा असावा लागतो? जुन्या इंग्रजी निर्णयांचे उत्तर असे की, भंगाचे मोजमाप करावयाचेच नाही. १९२१ च्या मूर व लँडावर ह्यांच्या खटल्यात डबाबंद फळांच्या प्रत्येक खोक्यात तीस डबे असावेत असा करार होता. एकूण डबे बरोबर भरले, पण सुमारे निम्म्या खोक्यांत चोवीसच डबे निघाले. मालाच्या बाजारमूल्यात काहीही फरक पडला नव्हता. तरी खरेदीदाराला सगळा माल नाकारता आला. १९३३ च्या आर्कोस विरुद्ध रोनासेन ह्या खटल्यात सिमेंटच्या पिंपांसाठी लागणाऱ्या लाकडी फळ्या अर्धा इंच जाडीच्या ठरल्या होत्या. पुष्कळशा फळ्या त्याहून किंचित जाड निघाल्या. पिंपे बनविण्यास त्या पूर्णपणे योग्य होत्या. खरेदीदाराला त्या नकोशा झाल्या त्या बाजार उतरल्यामुळे. तरीही, अर्धा इंच म्हणजे अर्धा इंचच, सुमारे अर्धा इंच नव्हे, अशी भूमिका घेऊन हाऊस ऑफ लॉर्ड्‌सने अस्वीकृती ग्राह्य मानली.

ह्या कठोरतेचे समर्थन करता येते. व्यापाऱ्याला आपल्या हक्काची निश्चिती हवी असते. माल बंदरात उभा असता न्यायालय पुढे काय म्हणेल ह्याचा अंदाज करीत त्याने बसावे, ही अपेक्षा व्यवहार्य नाही. सवलत हवी असेल तर विक्रेत्याने ‘सुमारे’ हा शब्द करारात घालून घ्यावा. परंतु पडत्या बाजारातून निसटण्याची वाट म्हणूनच हा हक्क वापरला जाऊ लागला, तेव्हा विरुद्ध विचार बळावला. १९७५ च्या ‘हांसा नॉर्ड’ जहाजाच्या खटल्यात लिंबूवर्गीय फळांच्या चोथ्याच्या गोळ्यांपैकी काही भाग वाटेत तापून खराब झाला. खरेदीदारांनी सगळा माल नाकारला. पुढे न्यायालयाच्या हुकुमाने तो सुमारे एकतृतीयांश किमतीत विकला गेला, आणि फिरून त्याच खरेदीदारांच्या हाती येऊन ठरलेल्या कामासाठीच, म्हणजे गुरांच्या खाद्यासाठी वापरला गेला. अपील न्यायालयाने ही अस्वीकृती अमान्य केली. ‘माल चांगल्या स्थितीत चढविला जाईल’ हे कलम शर्तही नव्हे व हमीही नव्हे, मधल्या वर्गाचे आहे. त्याचा भंग किती गंभीर परिणाम घडवितो ह्यावर माल नाकारण्याचा हक्क अवलंबून राहील, असे न्यायालयाने ठरविले. १९९४ साली इंग्लंडने कायद्यातच बदल केला. खरेदीदार घरगुती ग्राहक नसेल आणि भंग इतका क्षुल्लक असेल की माल नाकारणे अवाजवी ठरावे, तर गर्भित शर्तीचा भंग हमीच्या भंगाप्रमाणे मानता येतो. भारताच्या १९३० च्या अधिनियमात अशी तरतूद नाही. येथे मूळचे कठोर सूत्र कायम आहे. मात्र अगदी नगण्य फरक कायदा लक्षात घेत नाही. १९१२ च्या शिप्टन अँडरसन विरुद्ध वाइल ब्रदर्स ह्या खटल्यात जास्तीत जास्त ४,९५० टन गहू द्यावयाचा असता ५५ पौंड अधिक दिला गेला. एवढ्यावरून माल नाकारता येणार नाही असा निर्णय झाला होता.

परिमाणासंबंधीचे नियम कलम ३७ मध्ये आहेत. कमी माल आल्यास खरेदीदाराला तो नाकारता येतो. पण ठेवून घेतल्यास करारातील दराने पैसे द्यावे लागतात. अधिक माल आल्यास ठरलेला तेवढा घेऊन उरलेला नाकारता येतो, किंवा सर्वच नाकारता येतो. वेगळ्या वर्णनाचा माल मिसळून आल्यास ठरलेला घेऊन बाकीचा, किंवा सर्व, नाकारता येतो. व्यापारी रिवाज आणि पक्षकारांमधील विशेष करार ह्यांना ह्या नियमांपेक्षा अग्रक्रम आहे. हप्त्याहप्त्याने द्यावयाच्या मालाचा एक हप्ता सदोष निघाल्यास पुढील सर्व हप्ते नाकारता येतील की नाही, हे कलम ३८ ने परिस्थितीवर सोडले आहे. सदोष भागाचे एकूण कराराशी प्रमाण आणि दोष पुन्हा उद्भवण्याचा संभव, ह्या दोन कसोट्या १९३४ च्या मेपल फ्लॉक खटल्यापासून लावल्या जातात. त्या खटल्यात शंभर टनांपैकी दीड टन माल दूषित निघाला होता. तेवढ्यावरून सबंध करार मोडता आला नाही.

४. हक्काचा लोप: तपासणी आणि स्वीकृती

माल हाती येणे आणि माल स्वीकारणे ह्या दोन भिन्न गोष्टी आहेत. न पाहिलेला माल हाती आल्यानंतर तो करारानुसार आहे की नाही हे तपासण्याची वाजवी संधी मिळेपर्यंत खरेदीदाराने तो स्वीकारला असे मानले जात नाही (कलम ४१). पोचपावतीवर सही केल्याने स्वीकृती होतेच असे नाही. कलम ४२ प्रमाणे स्वीकृती तीन प्रकारांनी होते: खरेदीदाराने स्वीकारल्याचे कळविणे, माल ताब्यात आल्यानंतर विक्रेत्याच्या मालकीशी विसंगत असे काही कृत्य करणे, आणि नाकारल्याचे न कळविता वाजवी मुदत उलटेपर्यंत माल ठेवून घेणे.

ह्यांतील दुसरा प्रकार सर्वांत धोक्याचा आहे. १८९३ च्या पर्किन्स विरुद्ध बेल ह्या खटल्यात नमुन्यावरून घेतलेले सातू रेल्वे स्टेशनवर मिळावयाचे होते. खरेदीदाराने ते स्टेशनवर न तपासता तसेच पुढे आपल्या गिऱ्हाइकाकडे रवाना केले. गिऱ्हाइकाने माल परत केला, तेव्हा खरेदीदाराने मूळ विक्रेत्याकडे तो नाकारण्याचा प्रयत्न केला. तपासणीचे स्थळ स्टेशन होते, ते सोडून माल पुढे धाडणे म्हणजे स्वीकृती, असा निर्णय झाला. १९२३ च्या हार्डी विरुद्ध हिलर्न्स अँड फाउलर ह्या गव्हाच्या खटल्यात तर तपासणीची वाजवी मुदत संपलेली नसतानाही, काही माल पुढच्या गिऱ्हाइकाला पोहोचविल्यामुळे हक्क गेला असे ठरले. इंग्लंडने १९६७ मध्ये स्वीकृतीचे हे कलम तपासणीच्या कलमाच्या अधीन करून हा परिणाम टाळला. भारतात तसा बदल झालेला नाही. यास्तव घाऊक व्यापाऱ्याने पेट्या न फोडताच माल पुढे पाठविला, तर त्याचा हक्क हातचा जाण्याचा संभव येथे अधिक आहे.

दुसऱ्या एका बाबतीत मात्र भारत पुढे गेला. कलम १३ च्या मूळ पोटकलम २ प्रमाणे विनिर्दिष्ट मालाची मालकी खरेदीदाराकडे गेली की शर्तीचा भंग हमीच्या भंगासारखाच मानावा लागे. दुकानातील अमुकच वस्तू निवडून घेतली की मालकी बहुधा करार होताक्षणीच जाते. म्हणजे वस्तू उघडून पाहण्यापूर्वीच ती नाकारण्याचा हक्क नष्ट होई! भारतीय विधी आयोगाने १९५८ च्या आपल्या आठव्या अहवालात मालविक्री अधिनियमाचा विचार केला, आणि १९६३ च्या दुरुस्तीने हे शब्द गाळण्यात आले. इंग्लंडमध्ये हीच सुधारणा व्हावयास १९६७ साल उजाडले. आता भारतात अडसर उरला आहे तो स्वीकृतीचा. करार अविभाज्य असता मालाचा काही भाग स्वीकारला तरी उरलेला नाकारता येत नाही, असे कलम १३ सांगते.

‘वाजवी मुदत’ म्हणजे किती, हा वस्तुस्थितीचा प्रश्न होय, एवढेच कलम ६३ म्हणते. नाशवंत भाजीपाल्याला ती तासांची, यंत्राला आठवड्यांची असू शकते. ह्या लवचिकतेत न्याय आहे, तशीच अनिश्चितताही आहे. १९८७ सालच्या एका इंग्रजी खटल्यात नवी मोटार तीन आठवड्यांत व सुमारे १४० मैल चालल्यावर बंद पडली. तोपर्यंत वाजवी मुदत उलटली, असे न्यायाधीशांनी ठरविले. ह्या निर्णयावर बरीच टीका झाली. शेवटी २०१५ च्या ग्राहकहक्क अधिनियमाने इंग्लंडने घरगुती ग्राहकासाठी सर्वसाधारणपणे तीस दिवसांची निश्चित मुदत घालून दिली. याज्ञवल्क्याने वस्तूनुसार ठरविलेले दिवस आणि ही तीस दिवसांची मर्यादा, दोहोंमागे निश्चितीची एकच गरज आहे.

५. नाकारल्यानंतर

हक्क असताना माल नाकारला, तर तो विक्रेत्याकडे परत पोहोचविण्याची जबाबदारी खरेदीदारावर नाही. नाकारल्याचे कळविणे पुरेसे आहे (कलम ४३). ही सूचना स्पष्ट असावी. ‘माल ठीक दिसत नाही, काय ते पाहावे’ असे पत्र लिहून खरेदीदाराने वापर चालूच ठेवला, तर ती अस्वीकृती ठरणे कठीण. नाकारलेल्या मालाची वाजवी काळजी घेणे आणि तो विक्रेत्याला उचलून नेऊ देणे हे शहाणपणाचे. माल अडवून ठेवण्याचा हक्क कलम ४७ ने किंमत न मिळालेल्या विक्रेत्याला दिला आहे. आगाऊ किंमत भरलेल्या खरेदीदाराला तसा हक्क अधिनियमाने दिलेला नाही. किंमत परत मिळविण्यासाठी त्याला दावाच लावावा लागतो. त्या दाव्यात कलम ६१ प्रमाणे न्यायालय त्याला व्याज देऊ शकते, आणि माल न मिळाल्याने झालेल्या हानीबद्दल कलम ५७ खाली भरपाईही मागता येते.

हक्क गेला तरी सर्व काही जात नाही. कलम ५९ प्रमाणे भरपाई किमतीतून वळती करून घेता येते किंवा तिच्यासाठी दावा लावता येतो. १९११ च्या वॉलिस विरुद्ध प्रॅट ह्या खटल्यात ‘कॉमन इंग्लिश सेनफॉइन’ ह्या चाऱ्याच्या पिकाचे म्हणून विकलेले बियाणे ‘जायंट सेनफॉइन’ ह्या हलक्या जातीचे निघाले. दोन्ही बियाण्यांत डोळ्यांना फरक दिसत नाही. पीक उगवून आल्यावरच तो कळला. तोपर्यंत नाकारण्याची वेळ टळली होती. ‘कसलीही हमी नाही’ ह्या करारातील वाक्यामागे विक्रेते दडू पाहत होते. हाऊस ऑफ लॉर्ड्‌सने त्यांना तसे करू दिले नाही. भंग झाला होता तो शर्तीचा. उपाय हमीच्या भंगासारखा असला तरी शर्त ही शर्तच राहते, आणि हमी वगळणाऱ्या वाक्याने शर्त वगळली जात नाही.

६. ग्राहकाची स्थिती

कलम ६२ प्रमाणे ह्या सर्व गर्भित शर्ती स्पष्ट कराराने, पक्षकारांच्या नित्य व्यवहाराने किंवा रिवाजाने दूर सारता येतात. तुल्यबळ व्यापाऱ्यांत हे योग्य असेल. छापील करारावर निमूटपणे सही करणाऱ्या सामान्य ग्राहकाच्या बाबतीत हेच स्वातंत्र्य एकतर्फी ठरते. २००६ साली सर्वोच्च न्यायालयापुढे आलेल्या मोटारगाडीच्या एका प्रकरणात, उत्पादकाची जबाबदारी त्याने दिलेल्या वॉरंटीच्या शब्दांप्रमाणे सदोष भाग बदलून देण्यापुरतीच आहे असे मानून, सबंध गाडी बदलून देण्याचा खालचा हुकूम रद्द झाला. लेखी वॉरंटी ग्राहकाचे संरक्षण वाढविते अशी सर्वसाधारण समजूत असते. प्रसंगी ती ते आकुंचितही करते, हा ह्या निर्णयाचा बोध आहे.

ग्राहक संरक्षण अधिनियमाने, प्रथम १९८६ च्या व आता २०२० पासून अमलात असलेल्या २०१९ च्या, ह्या स्थितीत पुष्कळ फरक घडवून आणला. ग्राहक आयोग दोष दूर करण्याचा, वस्तू बदलून देण्याचा, किंमत परत करण्याचा आणि भरपाईचा हुकूम देऊ शकतो. तेथे शर्त आणि हमी असा भेद करावा लागत नाही. सदोष वस्तू परत घेऊन, पावतीत दिलेल्या मुदतीत किंवा मुदत दिली नसल्यास तीस दिवसांत, पैसे परत करण्यास नकार देणे ही २०१९ च्या अधिनियमाप्रमाणे अनुचित व्यापारी प्रथा आहे. ‘एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ ही दुकानातली परिचित पाटी सदोष मालाच्या बाबतीत ग्राहकाचा हा हक्क हिरावून घेऊ शकत नाही. उलट, वस्तू निर्दोष असून केवळ मन बदलले, तर ती परत घेण्यास दुकानदार सामान्यतः बांधलेला नाही. नारदाचा अनुशय आजच्या विक्रीकायद्यात नाही. इलेक्ट्रॉनिक माध्यमातून होणाऱ्या विक्रीसाठी २०२० च्या नियमांनी एक पाऊल पुढे टाकले: सदोष वा बनावट माल, जाहिरातीशी न जुळणारा माल, तसेच सांगितलेल्या वेळेनंतर पोहोचलेला माल परत घेण्यास विक्रेत्याला नकार देता येत नाही. मात्र पुनर्विक्रीसाठी किंवा व्यापारी प्रयोजनासाठी घेणारा ‘ग्राहक’ नसल्याने त्याला १९३० च्या अधिनियमाचाच आधार उरतो.

हक्काची खरी परीक्षा बियाण्याच्या बाबतीत होते. २०२० च्या खरीप हंगामात मराठवाडा व विदर्भ ह्या भागांतून सोयाबीनचे बियाणे न उगवल्याच्या तक्रारी मोठ्या प्रमाणावर आल्या. पेरलेले बियाणे मातीतून काढून परत करता येत नाही. पेरल्याशिवाय दोष कळत नाही. आणि दोष कळेतो हंगाम निघून जातो. कायद्याच्या परिभाषेत, तपासणीची एकमेव शक्य रीत हीच येथे विक्रेत्याच्या मालकीशी विसंगत अशी कृती ठरते. अशा वेळी अस्वीकृतीचा हक्क कागदावरच राहतो व सारा भार भरपाईवर पडतो. राष्ट्रीय बीज निगमाच्या खटल्यात २०१२ साली सर्वोच्च न्यायालयाने असे ठरविले की, बियाणे घेणारा शेतकरी हा ग्राहक आहे, १९६६ च्या बियाणे अधिनियमातील तरतुदींमुळे ग्राहक आयोगाचा मार्ग बंद होत नाही, आणि प्रयोगशाळेच्या परीक्षेसाठी शेतकऱ्याने काही बियाणे राखून ठेवावयास हवे होते अशी अपेक्षा करता येत नाही. पुराव्याचा बोजा अशा रीतीने हलका झाला नसता, तर भरपाईचा हक्कही पोकळच राहिला असता.

ह्या सर्व विवेचनातून एक निष्कर्ष निघतो. माल नाकारण्याचा हक्क दोष किती मोठा आहे ह्यावर जितका अवलंबून आहे, त्याहून अधिक तो दोष केव्हा कळला आणि कळल्यावर खरेदीदाराने काय केले ह्यावर अवलंबून आहे. दोष लौकर प्रकट होणाऱ्या वस्तूंच्या बाबतीत तो प्रभावी आहे. उशिरा प्रकट होणाऱ्या वस्तूंच्या बाबतीत तो दुबळा आहे. आंतरराष्ट्रीय मालविक्रीसंबंधीच्या १९८० च्या व्हिएन्ना करारनाम्याने दोष कळल्यापासून, किंवा कळावयास हवा होता तेव्हापासून, वाजवी मुदतीत सूचना देण्याचा नियम करून त्याला दोन वर्षांची कमाल मर्यादा घातली आहे. भारत त्या करारनाम्यात सामील नाही. १९३० च्या अधिनियमाच्या पुढील सुधारणेत मुदतीची गणना ताबा मिळाल्यापासून करावी की दोष उघड होण्याच्या संभाव्य वेळेपासून, हा प्रश्न अग्रस्थानी असावयास हवा. लोखंडाला एक दिवस व बियाण्याला दहा दिवस देणाऱ्या स्मृतिकारांनी आपल्या काळापुरते त्याचे उत्तर देऊन ठेवले होते.